अळणी पंगत

अण्णांची चव गेली तेव्हा मी सहावीत होते. अण्णा म्हणजे माझे वडील, नारायण आचारी. लग्नाकार्यात दोन-दोन हजार माणसांचा स्वयंपाक उतरवणारा माणूस, आणि त्याच्या जिभेला गोड-कडू कळेनासं झालं. ही गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक होती: त्यांना, आईला आणि मला. पाच वर्षं आम्ही ती उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. मग ती बाहेर कशी गेली, ते इथं लिहून ठेवते आहे. लिहायला बसले की आतून काहीतरी हलेल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही. हात चालतो, अक्षरं उमटतात, एवढंच.

आम्ही मूळचे पाचोडचे. अण्णा तिथं आठवडी बाजाराच्या दिवशी जिलबी तळायचे, मग लग्नांचे स्वयंपाक धरायला लागले, आणि कामं शहरातून यायला लागली तसे आम्ही पुंडलिकनगरात आलो. तेव्हा ते नगर अर्धं मोकळंच होतं. चार घरं, मग बाभळी, मग पुन्हा दोन घरं. आमच्या दोन खोल्या आणि मागं पत्र्याचं शेड. शेडमध्ये कढया, पातेली, माणसाच्या उंचीची उलथणी, झारे भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे आणि वारा सुटला की ते एकमेकांवर आपटून वाजायचे. मला त्या आवाजात झोप यायची. अण्णांचं नाव होतं ते येसरासाठी. आमच्याकडं लग्नात येसराची आमटी नसेल तर लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही. हरभऱ्याची डाळ, गहू, धने, मिरच्या, मसाले, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं आणि त्या पिठाची आमटी करायची. भाजायचं काम आईचं. ती चुलीपुढं बसली की गल्लीच्या तोंडापर्यंत खमंग वास जायचा आणि येणारी-जाणारी माणसं विचारायची, "कुणाचं लगीन धरलंय?"

घरचं जेवण मात्र वेगळं. दुसऱ्यांच्या दारात बुंदी पाडणारे अण्णा घरी आले की बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे. पावसाळ्यात आई मोकळ्या प्लॉटांतून तरोटा, कुर्डू, चिघळ खुडून आणायची. शेजारी राहणाऱ्या, बँकेतल्या साहेबांच्या बायकोनं एकदा विचारलं, "अहो, हे तर गवत आहे ना?" आई म्हणाली, "व्हय, गवतच. पण आमच्याकडं गवतालाबी नाव असतंय." त्या बाईंच्या घरी रोज पोळ्या व्हायच्या, रविवारी पाव यायचा. मला त्यांच्या पोळ्यांचा हेवा वाटायचा आणि डब्यातली भाकरी मी शाळेत वहीआड धरून खायची. आता माझी सून ज्वारीचं पीठ पाकिटातून आणते. त्यावर मिलेट असं लिहिलेलं असतं. नातू फोनवरून नूडल्स मागवतो, पोरगा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भाकरी खातो आणि सून स्वतः पोळी खाते. एकाच टेबलावर तिघांची तीन जेवणं. मी कुणाला काही म्हणत नाही. मला कुठलं तरी एक ताट पुढं आलं की पुरतं.

तर अण्णांचा ताप. विषमज्वर होता, तीन आठवडे हटला नाही. उठले तेव्हा निम्मे झाले होते. अंगात थोडं बळ आलं तसं एका दुपारी आई काकडी चिरून घेऊन आली. मी एक फोड तोंडात टाकली आणि थुंकले. कडूजहर. आईनंही तोंडातली काढून टाकली. अण्णा खात होते. एक फोड, दुसरी फोड, मीठ न लावता, शांतपणे. आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग रिकामी ताटली उचलून एवढंच म्हणाली, "लई दिवस झाले का?" अण्णा म्हणाले, "ताप उतरल्यापासून." वासही जवळजवळ गेला होता. फोडणी करपली तर रंगावरून ओळखायची, एवढंच उरलं होतं.

त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाला आई अण्णांबरोबर गेली. आधी ती पोळ्या लाटायला जायची, आता चुलाणाजवळ पाट टाकून बसायला लागली. मीठ तिच्या ताब्यात. आमटीला उकळी आली की ती पातेल्यात मीठ सोडायची, तळहातावर थेंब घेऊन चाटायची आणि दोनच शब्द बोलायची. "थांबा" म्हणजे अजून पाहिजे. "उतरवा" म्हणजे झालं. अण्णा बाकीचं सगळं करायचे. डाळ बोटांत दाबून बघायची, बुंदीचा पाक दोन बोटांत ओढून बघायचा, तेल तापलं का ते पिठाची गोळी टाकून बघायचं. त्यांचे हात आणि डोळे आणि आईची जीभ. लोक हसायचे. "नारायणाला बायकोशिवाय करमत नाय," म्हणायचे. अण्णाही हसायचे. येसराच्या आमटीचं नाव उलट वाढलंच. माणसं हात चाटत उठायची आणि म्हणायची, नारायणच्या हाताला चव आहे.

या काळातच रहीमचाचा आमच्या घरी यायला लागले. त्यांची शहागंजात नान भाजायची भट्टी होती. त्यांच्याकडच्या लग्नांत नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, असायचा, आणि हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा स्वयंपाक करायला ते अण्णांना बोलवायचे. एकाच मांडवाच्या मागं दोन चुली. एकीवर मटणाची देग, दुसरीवर येसराची आमटी, आणि मधोमध दोघं जण बाजेवर बसून चहा पिणार. अण्णांच्या चवीचं रहीमचाचांनासुद्धा माहीत नव्हतं.

आई गेली ती सकाळची. बाजरीचं पीठ मळून परात बाजूला ठेवली आणि घागर भरायला नळावर गेली, तिथंच खाली बसली. डोकं दुखतंय म्हणाली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. रिक्षात बसायच्या आधी मी मळलेल्या पिठावर ताटली झाकली होती, हे मला नीट आठवतं. परत आल्यावर भाकरी करायच्या आहेत असं डोक्यात असेल. दुसऱ्या दिवशी ते पीठ आंबलं. आत्यानं ते गाईला घातलं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, पाचोडहून आलेली. चूल बंद होती म्हणून शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी यायची. बँकेतल्या साहेबांच्या घरूनही आली. आणि त्या बाईंनी मुद्दाम कुणाकडून तरी शिकून भाकरीच केली होती, जाड, कडा फाटलेली. मी ती खाल्ली. पिठलंही खाल्लं. तोंडात कापूस घातल्यासारखं वाटत होतं. बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या, "पोरगी रडंना." मला रडू येत नव्हतं. मी पाणी भरत होते, भांडी घासत होते, आल्या-गेल्याला पाट मांडत होते. मी अकरावीत होते.

तेराव्याचा स्वयंपाक कुणाला सांगायचा, यावर आत्या आणि अण्णा पहिल्यांदा भांडले.

"पैठणहून माणूस बोलवू," आत्या म्हणाली. "ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यानं चुलाण पेटवायचं नसतंय, नारायणा."

"तिच्या पंगतीला दुसऱ्याचा हात नको," अण्णा म्हणाले.

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे."

अण्णांनी आयुष्यात आत्याला उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. तेराव्याच्या दिवशी सकाळी शेडपुढं चुलाण पेटलं. पाचोडची माणसं आली होती, गल्लीतली होती, आचारी मंडळी होती. वांगं, भात, वरण, पोळ्या, बुंदी आणि येसराची आमटी. येसर आईनं भाजून डब्यात भरून ठेवलेला होता. अण्णा नेहमीसारखे चालत होते, वाकत होते, हातानं डाळ दाबून बघत होते. चुलाणाजवळ पाट मांडलेला नव्हता. कुणी मांडलाच नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण लक्षात आलेल्या गोष्टीचं काय करायचं असतं ते त्या दिवसांत मला कळत नव्हतं.

नैवेद्याची ताटं आधी वाढून बाजूला ठेवली. मग अण्णांनी मला हाक मारली. "सुमे, इकडं ये." त्यांनी पळीत आमटी घेतली, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर सोडली. "बघ."

मी चाटली. गरम होती. एवढंच कळलं.

"बरोबर हाये?"

"बरोबर हाये," मी म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कळलं नाही, दुःखात माणसाला चव कुठली. ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. मी कळून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी विचारलं असतं की आमटी निळी आहे का, तरी मी बरोबर आहे म्हणाले असते. मला हात पुसायचा होता आणि तिथून निघायचं होतं.

शेडपासून फाटकापर्यंत दोन ओळी बसल्या. मी मीठ वाढून पुढं गेले, मागून भाजी आली, आमटी आली. श्लोक वगैरे कुणी म्हटला नाही. माणसं जेवायला लागली. तेराव्याच्या जेवणाला नावं ठेवायची नसतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. पहिल्यांदा पाचोडचे एक म्हातारे हळूच म्हणाले, "पोरी, जरा मीठ वाढ." मी वाढलं. मग त्यांच्या शेजारच्यानं नुसता हात पुढं केला. मग समोरच्या ओळीतून आवाज आला, "मीठ इकडं." मी वाटी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि पहिल्या म्हाताऱ्यांपाशी परत आले तेव्हा त्यांनी पुन्हा पान पुढं केलं. भाजीत नव्हतं, वरणात नव्हतं, आमटीत नव्हतं. संबंध स्वयंपाकात मिठाचा कण नव्हता. पाच वर्षं अण्णांनी मिठाला हातच लावला नव्हता. ती घालायची म्हणून कुणीच घातलं नव्हतं.

अण्णा पोळ्यांची टोपली घेऊन येत होते. माझ्या हातातली वाटी त्यांना दिसली. बाजूच्या माणसानं पुन्हा मीठ मागितलं, तेही त्यांनी ऐकलं. ते थांबले. टोपली खाली ठेवली. आचाऱ्यांपैकी एकानं समजुतीच्या सुरात म्हटलं, "राहू दे नारायणा, अशा टायमाला चुकतंय माणूस. चाखायचं राहून गेलं असंल."

"नाय," अण्णा म्हणाले. "चाखून मला कळत नाय."

सगळी पंगत वर बघायला लागली. मी वाटी घेऊन उभी होते.

"पाच वर्षं झाली. तापात गेली चव. मीठ ती घालायची. आमटी तिची होती. नाव माझं झालं." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात जोडले. "अळणी जेवू घातलं तुम्हाला. माफी करा."

आत्यानं पदर तोंडावर घेतला. रहीमचाचा भिंतीकडेच्या ओळीत बसले होते. त्यांच्या पानात मी पुन्हा मीठ वाढलेलं नव्हतं, त्यांनी मागितलंच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि भात कालवून खायला लागले. थोड्या वेळानं ते पाचोडचे म्हातारे म्हणाले, "आमटी वाढा की." मी वाढली. त्यानंतर कुणी मीठ मागितलं नाही. दयेनं मागितलं नाही की संकोचानं, मला सांगता येणार नाही. पानं सगळी निपटून गेली. मी ती गोळा केली, बाहेर टाकली, जागा झाडली. अण्णांकडं बघितलं नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

त्या वर्षी लग्नाच्या तिथी भरपूर होत्या. आम्हाला एकही बोलावणं आलं नाही. कुणी वाईट बोललं नाही. रस्त्यात भेटले की लोक अण्णांची विचारपूस करायचे, माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे, आणि स्वयंपाक दुसऱ्याला सांगायचे. त्यांचं तरी काय चुकलं? लेकीच्या लग्नात कोण धोका पत्करणार? अण्णा शेडमध्ये बसून कढया घासायचे. स्वच्छ कढया पुन्हा घासायचे. मी सकाळी भाकरी करायला शिकले होते. पहिल्या पंधरा दिवसांत एकही फुगली नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून त्या खायचो. मी मीठ आठवणीनं घालायची, जास्तच पडायचं. त्यांना कळायचं नाही आणि मला फरक पडायचा नाही.

रहीमचाचा एका दुपारी सायकलवरून आले. बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि थेट म्हणाले, "नारायन भाई, कल से भट्टी पे आ जाओ. मेरे हाथ कांपते अब. भट्टी को ज़बान नक्को, हाथ होना."

आत्या तेव्हा आमच्याकडंच होती. चाचा गेल्याबरोबर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तू जायाचा नाय," ती म्हणाली. "खलिया शिजतो तिथं. जातीतली माणसं काय म्हणतील? ह्या पोरीचं लगीन व्हायचंय. कोण करील नानवाल्याची पोरगी?"

"मी नान लावीन. मटण मी कुठं शिजवतोय? आणि आपण खात नाय का मटण?"

"खाणं निराळं. तिथं चाकरीला बसणं निराळं. गेलास तर माझी पायरी चढायची नाय."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "सुमे, तू सांग. जाऊ का?"

आजच्या मुलींना अशा वेळी काय वाटलं असतं कोण जाणे. मला लग्नाचं काही वाटत नव्हतं. आत्याच्या रागाचंही नाही. अण्णांच्या हातांकडं मात्र माझं लक्ष गेलं. घासून घासून बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"जावा," मी म्हणाले.

आत्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पाचोडला गेली. तिनं बोललेलं खरं केलं. माझं लग्न पुष्कळ उशिरा, मी शाळेत शिकवायला लागल्यानंतर झालं, आणि ती आली नाही.

अण्णा रोज सकाळी सायकलवरून शहागंजात जायला लागले. कणकेचा गोळा हातावर घ्यायचा, चौकोनी पसरायचा, गूळ-हळदीचं पाणी फिरवायचं आणि वाकून तापलेल्या भट्टीच्या भिंतीला थापायचं. बुंदी पाडणाऱ्या हातांना ते महिन्याभरात साधलं. हातांवरचे कोपरापर्यंतचे केस जळून गेले. संध्याकाळी ते चार नान कागदात बांधून आणायचे आणि आम्ही ते अंबाडीच्या भाजीबरोबर खायचो. नानाबरोबर अंबाडी खाणारं घर या शहरात दुसरं असेल असं मला वाटत नाही. ते फार बोलायचे नाहीत. पण कढया घासायचे थांबले होते.

आत्ता मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. हॉलमध्ये लांबलचक टेबलं. चाट, पनीर, नूडल्स, गरम तव्यावरचं काहीतरी. एका कोपऱ्यात पाटी होती, मराठवाडी येसर. टोपी घातलेला मुलगा लहानशा वाटीत घालून देत होता. मी घेतली. माणसं उभ्यानं खात होती, कुणी कुणाला आग्रह करत नव्हतं. आमटी वाईट नव्हती. मी वाटी टेबलाखालच्या टबात ठेवली आणि रिक्षा करून घरी आले.

त्या वर्षातलं अजून एक सांगायचं राहिलं. अण्णा भट्टीवर जायला लागून सहा-सात महिने झाले असतील. एका मोठ्या लग्नाची ऑर्डर होती आणि ते डबा विसरून गेले. मी कॉलेजला दांडी मारून शहागंजात डबा द्यायला गेले. गर्दीतून वाट काढत भट्टीपाशी पोचले तर अण्णा कमरेपर्यंत वाकून आत नान लावत होते, त्यांनी मला बघितलंही नाही. रहीमचाचांनी वरच्या खोलीकडं बोट दाखवलं. "ऊपर जाओ बेटी, तुम्हारी खाला बैठी है. धूप में आई तुम."

रहीमचाचांच्या बायकोला मी कधी बघितलेलं नव्हतं. ठेंगणी, चष्मा लावलेली बाई, तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला बसवलं, ताट पुढं ठेवलं, खिचडी आणि चिंचेचा खट्टा. मी खाली मान घालून बसले. बाईमाणूस भेटलं की पुढं काय येतं ते मला पाठ झालं होतं. किती वर्षांची होती, कसं झालं, आता स्वयंपाक कोण करतं, पोरी तुझ्यावर सगळं आलं. गेल्या वर्षभरात शंभर बायकांनी विचारलं होतं आणि मी शंभर वेळा उत्तरं दिली होती, एकाच सुरात.

खालानं तांदूळ बाजूला सारले. "अम्मी का नाम क्या था तुम्हारी?"

मी तोंड उघडलं आणि मला कळलं की आई गेल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं. सगळे म्हणायचे नारायणची बायको, तुझी आई, ती. अण्णाही ती म्हणायचे. मीसुद्धा. ते नाव आमच्या घरात एक वर्ष कुणी उच्चारलं नव्हतं.

"गोदावरी," मी म्हणाले.

"गोदावरी," खाला म्हणाली, सावकाश, नीट, एकेक अक्षर लावून.

मग मी रडले. किती वेळ ते माहीत नाही. खाला जवळ आली नाही, गप्प हो म्हणाली नाही. खालून भट्टीवरची हाकाहाक ऐकू येत होती. माझं थांबलं तेव्हा तिनं गार झालेलं ताट उचललं, दुसरी गरम खिचडी वाढली आणि माझ्यापुढं सरकवली.